नरहरपंत साळिंदराच्या परतीचा अर्ज

बालमित्रांनो, एका जंगलात एक शहर होतं. असं कसं, म्हणून विचारू नका. शहरात जंगल चालतं, तर जंगलात शहरही चालतं.

त्या शहरात ‘पुनरागमन भवन’ नावाची एक संस्था होती. ती मेलेल्यांना जिवंत करून द्यायची. अगदी फुकट. फक्त दहा दिवसांच्या आत अर्ज करायचा.

एकदा शाळेचे हेडमास्तर नरहरपंत साळिंदर अचानक वारले. शोकसभा दणक्यात झाली. उपमुख्याध्यापक कोल्हे तर भाषण करताना ढसाढसा रडले. “सर, परत या हो!”

नरहरपंतांची बायको वेणूताई साधी होती. तिला ते खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती भवनात गेली.

खिडकीतला बगळा म्हणाला, “घराबाहेरच्या एकाची सही आणा. ‘हे आम्हाला परत हवेत’, एवढंच लिहायचं.”

“एकच? अहो, सभेत अख्खं गाव रडत होतं!”

बगळ्याने चष्मा काढला. “ताई, आधी जरा पाणी घ्या.”

वेणूताई आधी शाळेत गेली. कोल्हे हेडमास्तरांच्या खुर्चीत बसले होते. खुर्चीवर नवी गादी होती. “वहिनी, सर आयुष्यभर राबले. आता तरी त्यांना विश्रांती नको का?”

नगराध्यक्ष रानडुकरे म्हणाले, “चौकाला त्यांचं नाव दिलंय. जिवंत प्राण्याचं नाव देता येत नाही. पाटी उतरवायची का आता?”

कवी बुलबुल हळवा झाला. “माझी विलापिका छापायला गेलीय हो. ते परत आले तर वाचकांची फसवणूक होईल.”

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी वेणूताई भवनाच्या पायरीवर बसली आणि पहिल्यांदाच रडली. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती. तो परत येणार, असं धरून चालली होती.

तेवढ्यात रखमाजी तरस आला. हा शोकसभेला फिरकलाही नव्हता. नदीवरचा पूल आधी पडला की पूर आधी आला, यावरून बारा वर्षं तो नरहरपंतांशी रोज पारावर भांडत होता.

“कुठाय तो कागद?” तो गुरगुरला.

“भावजी, तुम्ही?”

“मग काय! पूर आधी आला, याचा पुरावा सापडलाय मला. पण सांगू कुणाला? बाकीचे लगेच ‘हो’ म्हणतात!”

त्याने सही केली. इतकी दाबून, की कागद फाटला.

थोड्या वेळाने आतून नरहरपंत काटे झटकत आले. बायकोकडे बघत राहिले. “वेणू, किती वाळलीस गं.”

मग त्यांना तरस दिसला.

“पूर आधी आला!” तरस ओरडला.

“गाढवा, पूल आधी पडला!”

बाजूने जाणाऱ्या गाढवाने उगाच वळून पाहिलं.

दोघे भांडत पाराकडे निघाले. मागून वेणूताई डोळे पुसत, हसत चालली.

इकडे कोल्हे धापा टाकत भवनात पोचले. “अहो, परत आलेल्यांना परत पाठवायची काही सोय?”

“आहे ना,” बगळा म्हणाला. “शेजारची खिडकी. पण रांग पार वेशीपर्यंत गेलीय.”

तात्पर्य : मित्र भरपूर जोडावेत, शोकसभा छान भरते. पण परत यायचा विचार असेल, तर एखादा वैरी जिवापाड जपावा.