बाराव्या पुस्तकाची डावी बाही

खून करणं माणसाला फार प्राचीन काळापासून जमत असलं, तरी तो घराला शोभेल अशा रीतीने कसा करावा, याचा पद्धतशीर विचार अलीकडचाच आहे. या क्षेत्रात माझ्या वहिनीचं कार्य पायाभूत मानावं लागेल. शेतावर राहणाऱ्या, विणकाम करणाऱ्या आणि फावल्या वेळात खुनी पकडणाऱ्या एका मावशींवर तिने बारा पुस्तकं लिहिली आहेत. मी तिचा धाकटा दीर. आलेली पत्रं फोडण्याचं काम माझ्याकडे आहे. (मला दुसरं काही जमणार नाही, असं दादाचं लेखी मत आहे.)

मालिकेचे नियम कडक आहेत. रक्त सांडलं तरी गोधडीवर सांडता कामा नये. प्रेत सापडण्यापूर्वी पाव भट्टीतून बाहेर निघालेला असावा, कारण करपलेला पाव वाचकांना सहन होत नाही. माणूस कोणताही मारावा, जनावराला मात्र ओरखडाही उमटू नये. चौथ्या पुस्तकात एक शेळी जरा लंगडली, तर चाळीस जणांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि एका आजींनी मलम पाठवलं. त्याच पुस्तकात पशुवैद्य विहिरीत सापडले होते. त्यांच्याविषयी आलेली पत्रं : शून्य. बारा पुस्तकांत गावातली एकोणतीस माणसं कमी झाली, कोंबड्या तिप्पट झाल्या. तरीही, ‘असल्या निवांत गावात राहायला मिळायला हवं,’ असं दर आठवड्याला कोणीतरी लिहितंच.

प्रत्येक पुस्तकात खुनी सापडला की लगेच एक विणकामाचा नमुना असतो.

बाराव्या पुस्तकात वहिनीने जीव ओतला होता. नुसतं शेवटचं प्रकरण अकरा महिने चाललं होतं. त्यात मावशी लोकरीचा गुंता सोडवता सोडवता खुन्याला अशा काही पकडतात, की हस्तलिखित वाचताना मी उठून उभा राहिलो आणि बसायचं विसरलो. छापखान्यात नेमकं तेच प्रकरण गळालं. पुस्तक “आता आलं माझ्या लक्षात,” या मावशींच्या वाक्यावर थांबतं आणि पान उलटलं की स्वेटर सुरू होतो.

“आता लोक मला फाडून खाणार,” म्हणत वहिनीने अंथरूण धरलं. आठवड्यात तीनशे बारा पत्रं आली. मी फोडत गेलो.

“काय म्हणतायत?”

“डाव्या बाहीला चव्वेचाळीस टाके हवेत, एकशे चव्वेचाळीस छापलेत. बाहीत नवरा मावतो म्हणे.”

“सगळ्यांचं तेच?”

“एकीचा मावला नाही.”

“आणि खुनाचं?”

“खुनाचं काही नाही.”

वहिनीने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मग म्हणाली, “भाऊजी, एकाने जरी विचारलं ना, तरी तेरावं लिहीन. नाहीतर हे शेवटचं.”

प्रकाशकांनी तातडीने पत्रक काढून अक्षम्य चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. सुधारित आवृत्तीत बाही दुरुस्त झाली. गळालेलं प्रकरण घालायचं तर बटणपट्टीची आकृती काढून टाकावी लागणार होती, त्यामुळे लोकभावनेचा मान राखून ते वगळण्यात आलं.

मग तीनशे तेरावं पत्र आलं. “पुस्तकातलं शेवटचं प्रकरण राहून गेलंय असं वाटतं,” मी मोठ्याने वाचलं. वहिनी ताडकन उठून बसली. मी तिथेच थांबायला हवं होतं. पुढचं वाक्य होतं, “कारण कॉलर कुठेच दिसत नाही.”

तिने लिहायच्या कागदांचा गठ्ठा बांधून माळ्यावर टाकला. मला फार वाईट वाटलं. म्हणून म्हटलं, सगळी हकिगत एखाद्या चाणाक्ष वाचकापुढे मांडावी, तो तरी नेमकं विचारील. तुम्ही इथवर आलात. बाराव्या पुस्तकात खून कोणाचा झाला, हे मी एकदाही सांगितलेलं नाही.

वहिनी दारातून विचारतेय, “विचारलं का हो कोणी?” मी सांगितलंय, वाचक अजून बाहीतच आहेत.