जॉनीबहादुरांचा अन्नत्याग

श्रीगजानन समर्थ आहे. शके अठराशे सत्त्याण्णव, राक्षसनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, कसबे भिवंडी, ब्राह्मण आळी येथे जो प्रसंग गुदरला तो जैसा घडला तैसा लिहिला आहे. पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे मजकुरास शोभाच आली, सबब वाचणारांनी राग मानू नये.

ते समयी आळीत राजश्री चिंतामणीपंत नांदत होते. कचेरीत हेडक्लार्कीचे पद, कागदावर शेरा मारण्यात मोठे शूर, बाकी सर्वत्र सबुरीचे. समोरून कुत्रे येताना दिसले की पंतांनी छत्री सावरावी, रस्ता बदलावा आणि लांबच्या वळशाने घर गाठावे, ही त्यांची युद्धनीती मुंजीपासूनची. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती प्रमोदिनीबाई. स्वयंपाकघराचा मुलूख दरोबस्त त्यांचे अमलाखाली, आणि त्या मुलखात पंतांची सत्ता बसावयाच्या पाटापुरती.

माडीवर सुधीर नामे एकटा गृहस्थ राहत असे. लूमच्या कारखान्यात सुपरवायझर, आईबाप निवर्तलेले, लग्न राहून गेलेले. संसार म्हणावा तर एक स्टोव्ह, एक ट्रान्झिस्टर आणि एक कुत्रा. कुत्र्याचे नाव जॉनी. जात गावठी, रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, आणि चाल अशी की पंचहजारी मनसबदाराने वाट सोडावी.

तों सुधीरचे पोटी हर्नियाने बंड केले. डाक्टरांनी पाहून हुकूम केला की, ठाण्यास इस्पितळी जावे आणि कापून घ्यावे. मग सुधीर एका हाती पिशवी आणि एका हाती साखळी घेऊन पंतांचे दारी उभा राहिला.

"पंत, आळीत सगळ्यांना विचारून झालं. कोणी ठेवून घेत नाही याला. आणि मला काही झालं तर याचं..." एवढे बोलून त्याने साखळी पुढे केली.

पंतांचे पाय तेव्हाच माघार घेऊ लागले होते, परंतु जीभ पुढे गेली. "ठेव," पंत म्हणाले. "तू परत येशील तेव्हा जसाच्या तसा देईन." हे वचन दिधले आणि मग आपण काय बोललो ते पंतांचे ध्यानी आले. प्रमोदिनीबाईंनी आतून सर्व ऐकले होते. त्यांनी तत्काळ फर्मान काढले की, कुत्रे गॅलरीत राहील, गॅलरीच्या अलीकडे पाऊल टाकणार नाही, आणि त्याची उस्तवार ज्याने वचन दिले तो करील.

पहिले संध्याकाळी पंतांनी दूधभाताचे भांडे भुईवर ठेवून छत्रीच्या मुठीने पुढे सरकविले. जॉनीबहादुरांनी ते हुंगिले आणि जिन्याकडे तोंड करून बसले. दुसरे दिवशी तूपपोळी रुजू केली, ती नामंजूर. मग ग्लुकोजची बिस्किटे धाडली, ती कावळ्यांनी लुटून नेली. मग खुद्द बाईंनी, "मेलं उपाशी मरेल, आणि खापर आपल्यावर," असे म्हणून शिरा केला, वर बेदाणे घातले, त्याचीही तीच गत. बहादूर पाणी तेवढे पीत आणि जिन्याकडे डोळे लावून पडून राहत. बरगड्या दिसू लागल्या. आजवर पंतांस कुत्रे चावेल ही धास्ती होती. आता ते काहीच चावीत नाही ही धास्ती पडली.

इतक्यात कारखान्यातील तुळशीराम जाबर, म्हणजे मुकादम, सुधीरची विचारपूस करून ठाण्याहून आला आणि कचेरीत पंतांस भेटला. म्हणाला, "कापाकापी झाली, पण ताप आलाय. शुद्धीवर आल्या आल्या पहिलं हेच विचारलंन, जॉनी जेवतो का म्हणून."

"जेवतो की," पंत म्हणाले. "चांगला जेवतो." असे सांगून बखरीतील पहिले असत्य पंतांनी केले. त्या दिवशी कचेरीत त्यांनी एकाही कागदावर शेरा मारिला नाही.

मग मसलत बसली. भांडी घासणारी हौसा वरचे घरीही कामास जात असे, तिने बातमी दिली, "सुधीरभाऊंच्या तव्याला बोंबलाचा वास येतो बघा. तुमच्या घरचा दूधभात त्याला काय गोड लागंल? त्याला सुकं पायजे." हे ऐकताच पंतांचे कपाळी घाम आला. सात पिढ्यांत कोणी मासळीच्या बाजाराची पायरी चढला नव्हता. तरी वचन ते वचन. मग कचेरी सुटताच खासा स्वारी निघाली, टोपी डोळ्यांवर ओढली, छत्री उघडून आड धरिली, आणि मार्गशीर्षातले स्वच्छ ऊन असता पंत छत्रीखाली सुक्या मासळीच्या बाजारात दाखल झाले.

तेथे गोदू नामे बाई बोंबलांच्या राशीमागे बसली होती. तिने छत्रीखाली वाकून पाहिले. "अवं पंत, तुमी? वाट चुकला का काय? ह्यो बाजार तुमचा न्हाय."

"हळू बोला. कुत्र्यासाठी पाहिजेत."

"सगले बामन तसंच बोलतान," गोदू म्हणाली आणि मोठ्या खुशीने पुडके बांधून दिले.

पुडके कचेरीच्या पिशवीत दडविले, परंतु वास चोपदारासारखा पुढे चालू लागला. बाजाराचे तोंडी एक मांजर सामील झाले, तीन बत्तीच्या नाक्यावर आणखी मिळाली, आणि पंत आळीत शिरले तेव्हा मागे शेपट्यांची निशाणे उभारून मांजरांची फौजच चालली होती. दारोदार लोक उभे राहिले. पंतांनी इकडेतिकडे पाहिले नाही.

आता दैवयोग असा की तो दिवस गुरुवारचा. मार्गशीर्षातला गुरुवार, बाईंनी लक्ष्मीचा कलश मांडिला होता, दिवसभराचा उपास होता आणि नुकताच नैवेद्य दाखविला होता. पंतांनी उंबऱ्याच्या आत पाऊल ठेविले आणि उदबत्तीची शिकस्त झाली.

"काय आहे पिशवीत?" बाईंनी विचारिले.

"फाइली."

"फाइलींना असा वास येतो?"

"जुन्या आहेत."

मग पिशवी उघडविण्यात आली. बाईंनी पदर नाकास लाविला. आणि निवाडा ऐकविला की, पिशवी आणि पिशवी आणणारा, दोघांनी गॅलरीत जावे आणि स्नान झाल्याविना आत येऊ नये. एवढे करून नैवेद्याचे ताट वाढून उंबऱ्यापलीकडे सरकविले, कारण नवऱ्यास उपाशी ठेवणे व्रतात बसत नव्हते.

पंतांनी माडीवरून सुधीरचा स्टोव्ह आणि तवा आणिला, उपरण्याने नाक बांधिले आणि जन्मात प्रथम बोंबील भाजिले. आळीत खिडक्या धडाधड मिटल्या. मग भाजलेले बोंबील भांड्यात घालून पुढे ठेविले. जॉनीने मान उचलिली, हुंगिले, आणि मान पुनः पंजांवर टाकिली.

तेव्हा पंतांचा धीर सुटला. छत्री कोठे पडली होती, याची शुद्ध राहिली नाही. ते कुत्र्याशेजारी भुईवर बसले आणि म्हणाले, "अरे, आता आणखी काय करू मी? आळीत तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस. तो तिकडे तापात पडलाय आणि तुझं विचारतोय. मी खोटं सांगितलं त्याला. खा रे बाबा, तेवढं खरं होऊ दे." मग काही सुचेना आणि दुपारपासून पोटात अन्न नव्हते, म्हणोन पंतांनी आपले ताट ओढून वरणभाताचा घास घेतला.

तों जॉनीचा पडलेला कान उभा राहिला.

पंतांनी दुसरा घास घेतला. जॉनी उठला, अंग झाडिले, जवळ आला, आणि पंतांचे ताटात तोंड घालून वरणभात खाऊ लागला. पंतांनी ताट मागे ओढिले नाही. एके कडेने ते जेवू लागले, दुसरे कडेने तो, आणि मधली पुरणाची पोळी दोघांनी तहाने वाटून घेतली. मग बहादुरांनी बोंबलांकडे मोर्चा वळविला आणि भांडे चाटून लख्ख केले. पंतांचा हात त्याचे मस्तकी केव्हा गेला ते कोणी पाहिले नाही.

पाहिले ते प्रमोदिनीबाईंनी. त्या दारात भाताचे पातेले घेऊन उभ्या होत्या. "वाढू?" त्यांनी विचारिले.

"कोणाला?"

"दोघांना."

तेव्हापासून पंतांचे पान रोज गॅलरीतच मांडले गेले. पुढे सुधीर बरा होऊन आला. जॉनी त्याचे अंगावर चढला, तो टाके सांभाळीत जिन्यातच बसला आणि कुत्र्याचे मानेत तोंड लपवून बराच वेळ तैसाच राहिला. मग म्हणाला, "पंत, एक सांगायचं राहूनच गेलं. हा एकटा जेवत नाही. मी ताट घेऊन बसलो की मगच तोंड लावतो. तुम्हाला त्रास नाही ना झाला?"

"छे," पंत म्हणाले. "कसला त्रास."

मग गॅलरी धुतली, पंतांवर गोमूत्र शिंपडिले, आणि स्वयंपाकघरातील पाटाची वतनदारी त्यांस पूर्ववत बहाल झाली. त्या घरचा शिरस्ता असा की पंतांनी जेवून उठावे आणि मग बाईंनी उरलेसुरले घेऊन बसावे. त्या संध्याकाळी बाईंनी वाढिले आणि पंतांनी घास हाती घेऊन पुनः ताटात ठेविला.

"काय झालं? मीठ कमी आहे का?"

"नाही. तूही ताट घे."

"तुमचं होऊ दे आधी."

"एकट्याला जात नाही," पंत म्हणाले.

बाईंनी पळी खाली ठेविली. मग फडताळातून ताट काढिले, पंतांचे समोर पाट टाकून मांडी घातली आणि आमटी वाढून घेतली. लग्नास इतकी वर्षे झाली, परंतु पंत आमटी भुरकताना किती मोठा आवाज करितात हे त्यांस समोरून त्या दिवशीच कळले, आणि तैसे त्यांनी बोलूनही दाखविले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. आपल्या पक्षाची हानी काही नाही, आळीतील लौकिक तेवढा रणी कामास आला. मुलूख मिळाला तो समोरच्या एका पाटाचा. लेखनसीमा.