एकोणिसावी ओळ

शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता अनंतराव देवगावकरांनी संगणकाला 'हो' म्हटलं आणि सोमवारी सकाळी अठरा घरांचं पाणी अडलं.

या दोन गोष्टींचा संबंध कळायचा तर अनंतरावांची नोकरी माहीत हवी. पाटबंधारे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली होती. तिथला त्यांचा शिरस्ता असा, की पहिल्या स्मरणपत्राकडे बघायचं नाही, दुसऱ्यावर 'पाहिले' असा शेरा मारायचा आणि तिसरं आलं की मात्र फाइल हलवायची. आता संगणकाच्या पडद्यावर चार महिन्यांपासून एक चौकट उगवत होती. नवी ऑपरेटिंग सिस्टीम तयार आहे, घालू का? अनंतराव 'नंतर' या शब्दावर टिचकी मारत आणि वहीत तारीख टिपून ठेवत. शनिवारी वहीत एकतिसावी तारीख पडली.

"एकतीस स्मरणपत्रं!" ते ताठ बसून म्हणाले. "मंत्रालयातूनसुद्धा एवढी येत नसत. आता नाही म्हणणं बरं दिसत नाही."

"चालतंय ते चालू द्या ना," त्यांच्या पत्नी शैलाबाई आतून म्हणाल्या. "चालत्या मिक्सरचं झाकण उघडून बघायची तुमची सवय काही जात नाही."

अनंतरावांनी झाकण उघडलं.

दोन हजार सोळाचा तो उन्हाळा. जायकवाडीत मृतसाठा उरला होता. बीड बायपासच्या पलीकडे, शेजारच्या सातारा गावाच्या डोंगराच्या अंगाला शहर वाढत वाढत आलं होतं, पण येताना नळ मागेच विसरलं होतं. त्यामुळे अनंतरावांची सोसायटी टँकरवर जगत होती. रविवार सोडून रोज सकाळी एक टँकर यायचा आणि तीन घरांचे हौद भरायचा. कोणाची पाळी कधी, हे अनंतरावांच्या संगणकातली यादी सांगायची. पाळी दर आठवड्याला पुढे सरकायची. आज सोमवारी पाणी मिळालं म्हणून पुढच्या सोमवारी मिळेल असा भरवसा नाही. सोसायटीतल्या आप्पासाहेब जाधवांनी एकदा बोटांवर हिशेब करून पाहिला आणि नाद सोडला. एवढं किचकट गणित सांभाळणारा सेक्रेटरी म्हणून सोसायटीत अनंतरावांना मान होता. निवृत्तीनंतर उरलेला तेवढाच मान, म्हणून ते तो फार जपत.

दोन तासांनी संगणक नवाकोरा होऊन उठला. पडदा निळाशार झाला, अक्षरं टपोरी दिसू लागली. अनंतरावांनी खुशीत यादी उघडली आणि खुर्चीतच मागे सरकले. यादीत एकही माणूस उरला नव्हता. जिथे नावं होती तिथे डॉलर, टक्के, उद्गारचिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं रांगेत उभी होती.

रविवारी सकाळी ते शहागंजला गफूरभाईंकडे गेले. गफूरभाई लग्नपत्रिका छापत, त्यामुळे अक्षरांची दुखणी त्यांना ठाऊक होती.

"अंकल, ये पुराना फॉन्ट है ना," कागद डोळ्यांजवळ धरून गफूरभाई म्हणाले. "नवा सिस्टिम इसको पैचानताच नै. इसकी सीडी मिली थी ना तुमको? वो लाव, पाच मिन्ट का काम है."

सीडी होती. ती गच्चीवर होती. कबुतरं येऊ नयेत म्हणून शैलाबाईंनी ती दोन वर्षांपूर्वी दोरीला टांगली होती. मराठवाड्याच्या उन्हानं तिचा पापड झाला होता, आणि कबुतरं शेजारीच बसली होती.

"सापडली का?" शैलाबाईंनी खालून विचारलं.

"सापडली," अनंतराव म्हणाले आणि उन्हातच खाली बसले.

जुनी छापील यादीही हाताशी नव्हती. आठवडा संपला की तिचे चार तुकडे होत आणि पाठकोऱ्या बाजूवर शैलाबाई किराणा लिहीत. शेवटी अनंतरावांनी जे दिसत होतं तेच छापलं, सोमवारी उजाडताच फाटकावर चिकटवलं आणि घरात येऊन पुन्हा संगणकापुढे बसले. तासाभरात काही चमत्कार होईल, अशी त्यांना आशा होती.

चमत्काराआधी टँकर आला. चालक सांडूनं फाटकाशी उभं राहून हाळी दिली, "कुनाचा हौद भरायचा, बोला लवकर!"

माणसं जमली, कागदापुढे उभी राहिली.

"ह्ये काय चिनी लावलंय सेक्रेटरीनं?" सर्जेराव म्हणाले.

"चिनी नाय," आप्पासाहेब चष्मा पुसत म्हणाले. "आपुनच हाव त्यात. पर आता वळखू येईना गेलोय."

आप्पासाहेबांची जमीन याच बायपासला गेली होती. त्यांना कागदात स्वतःला शोधायची सवय होती. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबवलं. "ही माझी. सगळ्यात लांब हाय. श्रीमान आप्पासाहेब बाजीराव जाधव पाटील, असं पुरं घालायला लावलं व्हतं मी."

ते सगळ्यांना पटलं. मग काम सोपं झालं, कारण आपल्या आधी कोणाचा हौद भरतो हे दुष्काळात माणूस झोपेतही सांगेल. आप्पासाहेबांनंतर कोण, त्याच्यानंतर कोण, असं करत एकेका ओळीपुढे पेन्सिलीनं नावं पडत गेली. ज्या यादीत जो तो आपलं नाव बघून घरी जायचा, तीच यादी आज लोक डोळ्यांत तेल घालून वाचत होते.

आणि मग गाडी अडली.

"माझ्या आधी अनंतराव," वच्छलाबाई म्हणाल्या.

"काय बोलता वच्छलाबाई!" सर्जेराव उसळले. "अनंतराव माझ्या आधी! त्यांचा हौद भरला की पाइप माझ्याकडं येतो."

"मग मी काय खोटं बोलू लागले व्हय?"

"मग मी बोलू लागलो का?"

"भांडा तुमी," सांडू म्हणाला. "मी च्या पिऊन येतो."

आप्पासाहेब कागदाशी नाक नेऊन उभे होते. "गप ऱ्हावा जरा. दोघं बी खरं बोलतायत. ह्ये बघा, दोन उद्गार, एक टक्का, शेपटीवाला सी. आन इथं खाली बी दोन उद्गार, एक टक्का, शेपटीवाला सी."

सगळे वाकले. चिन्हं हुबेहूब तीच होती. वच्छलाबाईंनी ओळी मोजल्या. घरं अठरा, ओळी एकोणीस.

अनंतरावांना बोलावणं गेलं. त्यांनी कागद हातात घेतला, दोनदा मोजला आणि त्यांना आठवलं. दिवाळीनंतर यादी नव्यानं करताना आपलीच ओळ एकदा जास्त चिकटली असावी. सहा महिने ते दर आठवड्याला यादी छापत होते, पण स्वतःच्या घरात पाणी किती वेळा येतं हे त्यांनी पाहिलं नव्हतं. हौदाचं खातं शैलाबाईंकडे होतं.

"तुझ्या लक्षात नाही आलं?" मागोमाग आलेल्या शैलाबाईंना त्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"आलं की," शैलाबाई म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंय. चौतीस वर्षांच्या नोकरीत घरासाठी म्हणून कधी काही केलं नाहीत. म्हटलं, आता पहिल्यांदाच करताहेत तर कशाला टोकायचं!"

कोणी हसलं नाही. मग आप्पासाहेब म्हणाले, "तरीच म्हनलं, सगळ्या गावाची झाडं वाळली आन वहिनींचा मोगरा कसा काय फुलतोय!" तेव्हा मात्र सगळे हसले. अनंतरावांना त्या हसण्याचं फार लागलं.

त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ खोडली, पुढच्या दोन पाळ्या सोडल्याचं जाहीर केलं आणि सवयीनं नवा हिशेब मांडायला घेतला. तो एका मिनिटात संपला. अठरा घरं, रोज तीन, आठवड्याचे सहा दिवस.

"म्हंजी माझा वार आता कायम गुरुवार?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"कायम."

"मग यादी कशाला लागतीय?"

अनंतरावांनी पेन खिशाला अडकवलं. ते घरी गेले आणि त्यांनी संगणकावर जुना टॉवेल पांघरला. किचकट गणित त्यांच्या चुकीमुळेच झालं होतं. चूक गेली, गणित गेलं आणि सेक्रेटरीचं कामही गेलं. आठ दिवस ते पेपरातल्या निविदासुद्धा वाचत बसले. शैलाबाईंनी दोनदा साबुदाण्याची खिचडी केली, पण त्यांनी मीठ कमी आहे असंही म्हटलं नाही. ते पाहून शैलाबाई घाबरल्या.

नवव्या दिवशी आप्पासाहेब आले आणि पायरीवर टेकले.

"अनंतराव, यादी लावा."

"कशाला? सगळ्यांना आपापले वार पाठ झालेत."

"त्येच लई वाईट झालंय. गेल्या गुरुवारी टँकर उशिरा आला, वच्छलाबाईंचा हौद अर्धाच भरला. आता कुनाला बोलायचं? सांडूला बोलावं तर त्यो म्हनतो, टँकर घेऊन फर्दापूरच्या हाटेलाला जातो, तिथं लोक पाया पडत्यात. शेजाऱ्याला बोलावं तर तोंड बघायची चोरी. देवानं तर औंदा कानावर हातच ठिवल्यात. यादी व्हती तवा कसं, काय बी झालं की यादीला शिव्या घालायच्या. म्हंजी तुमाला. मानूस मोकळा व्हायचा, आन दिवस बरा जायचा."

अनंतरावांनी घसा खाकरला. "पण गफूरभाईंकडे तो फॉन्ट अजून आलेला नाही. नावं दिसणार नाहीत."

"नकाच दिसू देऊ. नावं दिसली की कुनी वाचत नाय."

संगणकावरचा टॉवेल निघाला. संध्याकाळी पाच वाजता फाटकावर अठरा ओळींचे डॉलर आणि टक्के झळकले. सव्वापाचला वच्छलाबाईंचा आवाज सगळ्या सोसायटीत घुमला, "अनंतराव! अवो सेक्रेटरी! ह्ये काय लावलंय? या जरा भायेर!"

"अहो, बोलावताहेत तुम्हाला," शैलाबाई म्हणाल्या. "चांगल्याच चिडल्यात."

अनंतराव केव्हाच चपला घालून पायऱ्या उतरत होते. बढतीचा कागद घ्यायलासुद्धा ते इतक्या घाईनं कधी गेले नव्हते.