खापरपणजोबांची खुर्ची

राग माझ्या नाकावर असतो असं बायको म्हणते. साफ खोटं! मी कारणाशिवाय चिडत नाही, आणि त्या दिवशी कारण चांगलं चार पायांचं होतं.

मेलबर्नहून मेव्हणी आली होती, हायसिंथ. आम्ही दोघंही श्रीलंकेतल्या गॉल शहरातले बर्गर, म्हणजे डच वंशाचे. पण हिचे पूर्वज म्हणे कप्तान, आणि आम्ही व्हॅन रूयन अस्सल डच नाहीच, नाव उचललेले कुणीतरी! म्हटलं, थांब. किल्ल्यातल्या जुन्या डच घरात आता संग्रहालय आहे, तिथे माझ्या खापरपणजोबांची न्यायाधीशाची खुर्ची ठेवलीय, तीच दाखवतो!

खुर्ची होती. काळीभोर, नक्षीदार, पाठीवर जे. व्ही. आर. अशी अक्षरं कोरलेली. आणि खाली पाटी : 'लाकडी आसन. मालक अज्ञात.'

माझं टाळकंच सटकलं!

"अज्ञात? जेकोबस व्हॅन रूयन अज्ञात?"

"ओरडू नका, साहेब," घराची देखरेख करणारे पद्मसिरी म्हणाले. "आधी घर बघा. हे एका दालचिनीच्या व्यापाऱ्यानं..."

"खड्ड्यात गेली दालचिनी! पाटी बदला!"

"आन्स्ली, जाऊ दे ना रे," बायको नोरीन कुजबुजली.

"भावजी, कशाला त्रास?" हायसिंथ गालात हसली. "अज्ञात हेच बरोबर आहे."

बस्स! रिक्षा केली, घरी गेलो, ट्रंकेतून खापरपणजोबांचं मृत्युपत्र काढलं आणि पद्मसिरींच्या टेबलावर आणून आपटलं. सगळं डचमध्ये. आमच्यात ते कुणालाच वाचता येत नाही, पण एका शब्दाखाली वडिलांनी अभिमानानं रेघ ओढलेली : 'स्टिलेत्ये'.

"स्टिल म्हणजे शांत!" मी गरजलो. "न्यायाधीश शांत बसून निकाल देतो ना? तीच ही खुर्ची!"

पद्मसिरींनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली. "साहेब, मी अकरा वर्षं दफ्तरखान्यात डच कागद वाचलेत. नाव घालायलाच हवं का?"

"हवंच! सिंहली, तमिळ, इंग्रजी, तिन्हींत! ठळक!"

"मग वंशज म्हणून लेखी अर्ज द्या."

दिला! तिथल्या तिथे!

शुक्रवारी मी चर्चमधली वीस माणसं घेऊन थाटात पोचलो. खुर्चीची बैठक उचलून ठेवलेली. मधोमध हे एवढं भोक! आणि पाटी : 'जेकोबस व्हॅन रूयन यांचं स्टिलेत्ये, म्हणजे शौचाची खुर्ची. वंशजांच्या आग्रहावरून नावासह.'

वीसही जणांनी वाकून भोकात डोकावून पाहिलं. मग पाद्रीसाहेबच फिस्कन हसले.

"पद्मसिरी! काढा ती पाटी! आत्ताच्या आत्ता!"

"वंशजाच्या अर्जावर लावलीय, साहेब. अर्जदार वंशज नव्हताच असं लिहून आलं, तरच निघेल."

दात-ओठ खात मी लिहिलं : 'माझा जेकोबस व्हॅन रूयन यांच्याशी काहीही संबंध नाही.' साक्षीदार म्हणून हायसिंथनं सही केली. आनंदानं! तीस वर्षं ती हेच सांगत होती म्हणे.