आकडेरावांची तंतोतंत भट्टी

आकडेरावांना भट्टीच्या मनातलं कळायचं. निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं ठाम म्हणणं होतं! मुशीत सिलिकॉन वितळायचं, वरून करंगळीएवढा बीजस्फटिक त्याला हलकेच टेकायचा, आणि तो गोल गोल फिरवत सावकाश वर ओढला की मागोमाग लख्ख स्फटिक उगवून यायचा. या सगळ्यात उष्णता येते कुठून, जाते कुठे, याचं गणित आकडेराव दोन वर्षं संगणकावर मांडत होते. भट्टीच्या तीन मजले वर, गारेगार खोलीत, स्वेटर घालून!

आज कारखान्याच्या मोठ्या बाई ते गणित बघायला आल्या होत्या. जुळलं तर आकडेराव नोकरीत कायम. नाही जुळलं तर हातात नारळ!

“बघा बाई,” आकडेरावांनी आलेख दाखवला. लाल रेघ गणिताची, निळे ठिपके भट्टीवरच्या नोंदवहीतले. दोऱ्यात मणी ओवावेत तसे ठिपके रेघेवर बसलेले.

“इतकं जुळतं?” बाईंनी चष्मा वर सरकवला. “माझं आणि आमच्या ह्यांचं तीस वर्षांत इतकं जुळलं नाही.”

“अंशाचाही फरक नाही!”

“बारा तारखेलासुद्धा?”

“बारा तारखेला तर बघायलाच नको! चौदाशे एकवीस, ठोक!”

“बारा तारखेला,” बाई शांतपणे म्हणाल्या, “भट्टी साफसफाईसाठी बंद होती. मी स्वतः आत हात घालून पाहिला होता.”

 भट्टीवाल्या काकांना बोलावणं गेलं. हात पुसत काका आले.

“काका, वहीतले आकडे कुठून आणलेत?” आकडेरावांनी विचारलं.

“तुमच्याकडूनच की!” काकांना नवल वाटलं. “भट्टीच्या भिंतीतला तापमानाचा सेन्सर जळून सात महिने झाले. आणि वहीत रकाना रिकामा ठेवायचा नाही, असा नियम. तुम्हीच भट्टीजवळ कागद चिकटवलाय ना, वर लाल शाईने ‘असे आकडे यायला हवेत’? म्हटलं, साहेबांची एवढी इच्छा आहे, तर येऊ देत!”

“पण भट्टी बंद होती त्या दिवशीही?”

“भट्टी बंद होती. रकाना उघडाच होता!”

“अहो, मग सात महिने स्फटिक वाढवलेत कसे?”

“डोळ्यांनी. भट्टीच्या खिडकीतून बघायचं. फुगायला लागला की आच वाढवायची, रोडावला की कमी करायची. बाळ सुकतंय की बाळसं धरतंय, हे कळायला आईला तराजू लागतो होय?”

बाई आकडेरावांकडे वळल्या. “तुम्ही पाहिलंत कधी खिडकीतून?”

आकडेरावांनी हळूच आलेख बंद केला.

बाईंनी नारळ दिला नाही, तीन महिने दिले. नवा सेन्सर बसला. आकडेरावांचं टेबल भट्टीशेजारी आलं, स्वेटर उतरला. पहिल्याच दिवशी त्यांनी काळ्या काचेतून आत पाहिलं. तांबूस तळ्यातून चांदण्याचा खांब फिरत फिरत वर येत होता, पायाशी उजेडाचं पैंजण. दोन वर्षं जिची कुंडली मांडली, तिचं तोंड आज दिसलं!

मग सेन्सरचा खराखुरा आकडा आला. गणितापेक्षा तब्बल त्रेचाळीस अंशांनी जास्त! आकडेराव डोकं धरून बसले.

काकांचा जीव कळवळला. इकडेतिकडे बघत ते कानाशी वाकले. “मनाला लावून घेऊ नका. लिहून टाकू का तुमचाच? रकाना काय, हूं की चूं करत नाही.”

“छे, छे! काहीतरीच काय, काका!” आकडेराव कडाडले.

कडाडले खरे. पण त्याआधी क्षणभर थांबले होते; आणि खोटं कशाला बोला, त्या क्षणात मुशीतल्या सिलिकॉनच्या आधी तेच वितळले होते!