खिळ्याच्या भोकातलं जव्हार

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने पहिले सहा महिने सकाळच्या चहानंतर कोणताही निर्णय घेऊ नये, असा नियम कुठेतरी लिहून ठेवायला हवा होता. जव्हारच्या विठ्ठलरावांनी तो नक्की पाळला असता. चौतीस वर्षं कारकुनी करताना त्यांनी नियमांखेरीज दुसरं काही पाळलंच नव्हतं. (एकदा मांजर पाळलं होतं, पण ते आठवड्याभरात समोरच्या देवरामकडे राहायला गेलं.) तर तसा नियम नसल्यामुळे निवृत्तीच्या चौथ्या महिन्यात, बशीतला शेवटचा घोट घेऊन विठ्ठलरावांनी जाहीर केलं की ते घरात स्टुडिओ काढणार.

त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई दोडकी चिरत होत्या. त्यांना वाटलं, फोटो स्टुडिओ. दाखल्यांना फोटो लागतातच, गिऱ्हाईक बरं मिळेल, असं म्हणून त्यांनी होकारही देऊन टाकला. स्टुडिओ चित्रकलेचा आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी विळी बाजूला सारली आणि चित्रं कोण काढणार, असं विचारलं. विठ्ठलरावांनी नुसतं देवघराकडे बोट दाखवलं. तिथे देवांच्या शेजारी, चौकटीत, आठवीतल्या एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेचं प्रमाणपत्र होतं. ग्रेड बी. (ए मिळाली असती, पण स्थिरचित्रातलं केळं पर्यवेक्षकांनी मधल्या सुट्टीत खाल्लं, असं विठ्ठलरावांचं म्हणणं आहे.)

खरं कारण त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी टिपण्या लिहिल्या आणि खाली सह्या साहेबांनी केल्या. विठ्ठलरावांच्या वाट्याला कोपऱ्यातली दोन आद्याक्षरं आली, तीही कोणी वाचली असतील असं वाटत नाही. आयुष्यात एका तरी गोष्टीखाली आपलं पूर्ण नाव असावं, चांगलं हातभर लांब असावं, आणि लोकांनी ते वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. आता तेवढ्यासाठी कोणी खोली देत नाही, म्हणून स्टुडिओ.

घरात रिकामी म्हणावी अशी एकच खोली होती, कोठीची. पोशेऱ्याच्या शेतावरचं भात आणि नागली दर वर्षी दिवाळीनंतर तिथे येऊन पडे. प्रेमलाबाईंनी अट घातली. पोती येईपर्यंत खोली विठ्ठलरावांची. तोवर चार माणसांना दाखवण्यासारखं एक चित्र झालं, तर कायमची त्यांची. नाही झालं तर खोली भाताची, आणि स्टुडिओ हा शब्द पुन्हा या घरात काढायचा नाही. विठ्ठलरावांनी अट मान्य केली. तशी सवय होतीच.

मग त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. तीन दिवसांत त्यांना कळलं की स्टुडिओत उजेड फक्त उत्तरेचाच हवा, बाकीच्या दिशांचा उजेड कलेला घातक असतो. कोठीची एकुलती एक खिडकी पश्चिमेला. तेव्हा गौतम सुताराला बोलावून आधी ती खिडकी प्लायवूडने पक्की बंद करून घेतली, फटीसुद्धा बुजवल्या, आणि मग उत्तरेच्या भिंतीतली पहिली वीट काढली. पलीकडे न्हाणीघर निघालं.

हे घर विठ्ठलरावांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. त्याच देखरेखीत या कोठीच्या शहाबादी फरशीचा उतार मोरीकडे न जाता पूर्वेच्या भिंतीकडे गेला होता. धुवायला काढली की पाणी त्या भिंतीशी साचून राही, आणि गेली सव्वीस वर्षं प्रेमलाबाई दर दिवाळीत, हातात खराटा घेऊन, त्यांना याची आठवण करून देत. न्हाणीघर पाहून त्या, दिशा तुमच्या हाताला लागत नाहीत, एवढंच म्हणाल्या. गौतमने वीट परत बसवली आणि नाशिकला मोठं काम आहे, दिवाळीनंतर येतो, असं सांगून तो गेला.

अशा रीतीने विठ्ठलरावांचा स्टुडिओ तयार झाला. त्यात सगळं होतं. अवंतीने, म्हणजे मुलीने, नाशिकहून पाठवलेला दोन फुटी कॅनव्हास होता, रंग होते, स्टूल होतं, पूर्वेच्या भिंतीला पांढराशुभ्र डिस्टेंपर होता. फक्त उजेड नव्हता. तरी विठ्ठलरावांनी ट्यूबलाइट लावून त्या भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पहिल्याच दिवशी एक काम उरकून घेतलं. काळ्या रंगात, हातभर लांब, खाली दोन रेघा मारून, आपली पूर्ण सही केली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी. चित्र काय, मागून आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ते स्टुडिओत गेले, दार लावलं आणि दिवा न लावता नुसते बसून राहिले. (कलावंत असं बसतात, हेही व्हिडिओत होतं.) पाच मिनिटांनी त्यांना पांढऱ्या भिंतीवर ओल आल्यासारखं दिसलं. नवा डिस्टेंपर, आणि ओल! ते उठून जवळ गेले. ओलीला रंग होते. वर हिरवं होतं, खाली निळं होतं. आणि मग त्या ओलीतून, छताला पाय लावून, डोकं खाली करून, एक शेळी चालत गेली.

विठ्ठलराव खाली बसले. शेळीमागून डोक्यावर मोळी घेतलेली बाई गेली, तीही उलटी. देवरामचं कौलारू घर छताला लटकत होतं, आंब्याचं झाड मुळं वर करून उभं होतं, त्याची पानं हलत होती, आणि त्याच्याखाली, जमिनीशी, निळं आभाळ पसरलं होतं. आभाळात ढग सरकत होते. मोखाड्याची लाल एसटी चाकं वर करून वळणावरून गेली आणि आतला एकही माणूस सांडला नाही. सव्वीस वर्षं ज्या रस्त्याने ते रोज ऑफिसला गेले तोच हा रस्ता, आणि त्यांना वाटलं, आपण तो आज पहिल्यांदा बघतोय. त्यांनी बसल्या जागेवरून प्रेमलाबाईंना हाक मारली.

प्रेमलाबाई आल्या त्या भांडायच्या तयारीने. दार लावून घ्यायला लागलं म्हणून आणखी चिडल्या. मग डोळे अंधाराला सरावले आणि भांडण तिथेच राहिलं. त्यांनी विठ्ठलरावांचा हात धरला. असा हात त्यांनी यापूर्वी एकदाच धरला होता, अवंतीच्या वेळी, दवाखान्यात.

"हे कोण दाखवतंय हो?" त्यांनी हळूच विचारलं.

दाखवत होतं एक भोक. गौतमने प्लायवूडला एक खिळा चुकीच्या जागी मारून परत उपटला होता. उडदाच्या दाण्याएवढं भोक राहिलं होतं, आणि त्यातून अख्खं जव्हार, निदान त्यांच्या आळीपुरतं, उलटं होऊन आत येत होतं. शाळेत सायन्सच्या मास्तरांनी पुठ्ठ्याच्या खोक्याने असं काहीतरी दाखवलं होतं हे विठ्ठलरावांना अंधूक आठवलं. पण आपण खोक्याच्या आत बसलोय, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

प्रेमलाबाईंचा हात सुटला तो अचानक. भिंतीवर उलटा देवराम त्यांच्या कुंपणाशी आला होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि वेलावरच्या दोडक्याला हात घातला. प्रेमलाबाई बाहेर गेल्या. क्षणभराने त्याही भिंतीवर, छताला पाय लावून, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या दिसल्या, आणि देवराम दोडक्याला हात लावलेल्या अवस्थेत तसाच थिजला. कोठीची खिडकी प्लायवूडने बंद असताना वहिनींना कळलं कसं, हे त्याला काही केल्या उमगेना. शेवटी त्याला आत आणून दाखवावं लागलं. स्वतःचं घर छताला टांगलेलं पाहून त्याने दोडका तिथल्या तिथे परत केला.

देवरामला कळलं म्हणजे आळीला कळलं. रोज सकाळी नऊ ते अकरा माणसं येऊ लागली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे चपला बाहेर काढत. आत येऊन भिंतीशी बसत आणि कुजबुजतही नसत. खोडाळ्याच्या बाजाराहून परतलेली गौराआजी उलट्या डोंगराकडे बघत राहिली आणि तिने हात जोडले. तिला कोणी हसलं नाही. पंधरा दिवसांत सगळ्यांच्या डोळ्यांना उलट्याची इतकी सवय झाली की उलटं चालणारा माणूस कोण, हे लोक चालीवरून सांगू लागले.

या गडबडीत दिवाळी तोंडावर आली. पोशेऱ्याहून निरोप आला की भात झोडून झालं, पाडव्यानंतर पोती पाठवतो. चित्र झालं नव्हतं. विठ्ठलराव गडबडले. मग त्यांना सुचलं की चित्र तर रोज समोर येऊन बसतंय, आपण फक्त गिरवायचं. ऑफिसात चौतीस वर्षं दुसरं काय केलं? पण गाव सहा फुटी आणि कॅनव्हास दोन फुटी. देवराम म्हणाला, "भाऊसाहेब, आपल्याकडं चित्र भिताडावरच काढतात. कापड कशाला पायजे?" हे सगळ्यांनाच पटलं.

मग मात्र विठ्ठलराव खपले. रोज सकाळी कोळशाने भिंतीवरचं गिरवायचं, दुपारी ट्यूबलाइटखाली रंग भरायचे. जेवणाची शुद्ध नाही, पाठीला रग लागलेली, पण हात थांबला नाही. कौलाला कौल मिळालं. आंब्याची पानं निघाली. डोंगराच्या रंगाशी ते तीन दिवस झगडले आणि चौथ्या दिवशी तो जमला. देवराम त्यांनी आठवणीतून काढला, हात दोडक्याला लावलेला. (ती जागा पुसावी म्हणून देवरामने दोनदा चहा पाजला. विठ्ठलराव चहा प्यायले, पण कलेशी तडजोड केली नाही.) उलटं काढतोय हे त्यांना ठाऊक होतं. उलटं तर उलटं, झाल्यावर फिरवून घेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. उलटा लागलेला कागद फिरवून लावायची सवय हाडीमाशी मुरलेली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आळी जमली. चित्र आता दिवसाच्या उजेडात दाखवायचं म्हणून विठ्ठलरावांनी प्लायवूड काढलं, आणि कितीतरी दिवसांनी खोलीत उजेड आला. रंग झळाळून उठले. माणसं बघतच राहिली. त्यात देवरामची बायको पारू होती. ती दीड महिना मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, कालच आली होती, आणि तिच्या डोळ्यांना कसलीच सवय नव्हती.

"चांगलंच काढलंय," ती म्हणाली. "पण भाऊसाहेब, भिताड आता फिरवायचं कसं?"

खिडकीतून खरं देवरामचं घर दिसत होतं, जमिनीवर, सरळ. समोर भिंतीवर तेच छताला टांगलेलं होतं. देवरामने मदत म्हणून कमरेत वाकून, पायांमधून पाहिलं, आणि असं पाहिलं तर झकास दिसतंय, असं तिथूनच कळवलं. पण चार माणसांना दाखवायचं तर चौघांना वाकवणार कसं? विठ्ठलराव स्टुलावर बसले. हात रंगाने भरलेले होते, ते त्यांनी मांडीवर ठेवले. वीस दिवसांत एकदाही आपल्या डोक्यात आलं नाही की भिंत फिरत नाही. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि चारचौघांत ते यायला नको म्हणून ते फरशीकडे बघत बसले.

टोमणा मारायची संधी प्रेमलाबाईंनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सोडली. त्या आत गेल्या आणि पाण्याची बादली आणि खराटा घेऊन आल्या. पोती दुपारी यायची होती, फरशी धुवायला हवी होती. लोकांना दाराशी सरकायला सांगून त्यांनी बादली ओतली, दुसरी आणून ओतली. पाणी मोरीकडे गेलं नाही. नेहमीप्रमाणे पूर्वेच्या भिंतीकडे गेलं, तिथे साचलं, थोडं हललं आणि थांबलं.

खराटा उचलायला त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या.

पाण्यात गाव उभं होतं. सरळ. काळ्या फरशीवरच्या बोटभर पाण्यात देवरामचं घर जमिनीवर टेकलं होतं, आंबा मुळांवर उभा होता, डोंगराच्या वर आभाळ होतं. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, कुंपण, वेल, दोडका, दोडक्याला हात लावलेला देवराम, सगळं जिथल्या तिथे. कोणीतरी पुढे यायला लागलं तसं पारूने हात आडवा धरला. पाऊल टाकलं असतं तर गाव मोडलं असतं. बाहेरून वारा आला, पाणी शहारलं, पाण्यातला आंबा हलला, आणि दाराशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी श्वास धरून ठेवला. आपण हे केलं, यावर विठ्ठलरावांचा विश्वास बसेना. उतार चुकला म्हणून सव्वीस वर्षं बोलणी खाल्ली ती आज फिटली, असं त्यांना वाटलं. प्रेमलाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि खराटा बाहेर नेऊन ठेवला.

तेवढ्यात बाहेर पोत्यांचा पिकअप आला. ड्रायव्हरने पोती कुठे टाकू म्हणून विचारलं. प्रेमलाबाईंनी पाण्यावरची नजर न काढता सांगितलं, मधल्या खोलीत, ह्यांची कॉट बाहेर काढा आणि तिथे लावा. विठ्ठलरावांना स्टुडिओ मिळाला होता. झोपायचं कुठे हा प्रश्न त्या घटकेला त्यांना किरकोळ वाटला.

ते छाती काढून पुढे झाले. आता लोक नाव वाचतील, या हिशोबाने त्यांनी पाण्यातल्या उजव्या कोपऱ्याकडे हातही केला. देवराम वाकून बघू लागला. दोडक्याचं उट्टं काढायचं त्याच्या मनात नसावं, कारण त्याने अगदी भाबडेपणाने विचारलं.

"वहिनी, सगळं कसं सरळ झालं. पण तिथं वरती, आभाळात, ते काळं काळं वटवाघळासारखं काय लटकलंय?"

विठ्ठलरावांनी पाहिलं. हातभर लांब होतं, दोन रेघांना पाय अडकवून उलटं टांगलेलं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही कोणाला वाचता येत नव्हतं.

प्रेमलाबाईंनी नीट निरखून पाहिलं.

"ते होय?" त्या म्हणाल्या. "ते आमचे हे."