शरयूचं वकीलपत्र

इतरांच्या कोटाच्या खिशाला पेन असतं, दत्तोपंतांच्या खिशात खोडरबर असे. ते कशासाठी, हे सांगताना आजही माझं डोकं तापतं.

मी हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या आमच्या मराठी वाचनालयाचा बिनपगारी ग्रंथपाल. "पुस्तकांवर काहीही लिहू नये" अशी पाटी मी स्वतःच्या अक्षरात रंगवून माझ्या खुर्चीच्या वर भिंतीला टांगली होती. तरी लोक मासिकांच्या समासात पेन्सिलीनं शेरे मारायचेच. तेव्हा पुण्याच्या एका मासिकात एक कादंबरी क्रमशः चालू होती. तिची नायिका शरयू बापाला न सांगता घरातून निघून गेली, आणि नेमकं तेव्हाच आमच्या हैदराबाद संस्थानाची नाकेबंदी होऊन बाहेरचं टपाल बंद पडलं. पुढचा अंक येईना. मग काय, त्याच एका अंकावर आमचे वाचक कित्येक महिने तुटून पडले. "निर्लज्ज!" "बापाच्या तोंडाला काळं फासलं!" समासात बोट ठेवायला जागा उरली नाही.

दत्तोपंत कोर्टात कारकून. उर्दू कागद लिहिण्यात सगळा जन्म गेलेला. संध्याकाळी सुटले की तडक माझ्याकडं यायचे, शेरे खोडायचे, आणि वर माझ्यावरच डाफरायचे, "इकतर्फा फैसला! मुलजिमाची, आरोपीची, बाजू ऐकली काय कुणी?"

"अहो, ती खरी आहे का? कुणीतरी कागदावर रंगवलेली पोरगी ती!"

"म्हणून काय झालं? इज्जत नाही काय तिला?"

घ्या!

एकदा मलकपेठेत मुंजीच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ सहज म्हणाले, "ती शरयू म्हणजे पक्की हौली हो." हौली म्हणजे आम्हा हैदराबादकरांच्या भाषेत मूर्ख. झालं! दत्तोपंत भरल्या पानावरून उठले. यजमान हात जोडून मागं मागं, आणि हे आपले चपला शोधतायत. त्यांना तिथं नेलं होतं मी, त्यामुळं मलाही उठावं लागलं. पानात नुकती गरम जिलेबी पडली होती. त्या जिलेबीबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी विमल इथं होती तेव्हा बरं होतं. अंक आला की तीच आधी पळवायची आणि घरी बापाला मोठ्यानं वाचून दाखवायची. ती नागपूरला मावशीकडं शिकायला गेली, आणि दत्तोपंत माझ्या बोकांडी बसले.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि तुंबलेल्या टपालाचं पोतं आलं. त्यात मासिकाचे सहा अंक. मी एका बैठकीत वाचून काढले. शरयू सुखरूप होती, मजेत होती. पण सहा अंकांत बापाला दोन ओळी लिहायचं काही तिला सुचलं नाही. माझा असा संताप झाला, की पाटीबिटी विसरून मी पेन्सिल उचलली आणि समासात दाबून लिहिलं, "असली मुलगी असण्यापेक्षा नसलेली बरी."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांनी ते वाचलं. रबर बाहेर आलं.

"कुणी लिहिलं?"

"मी," म्हटलं. "आणि खोडू नका. बाप वाट बघून अर्धा झालाय. चार अक्षरं लिहायला हात मोडले होते का तिचे?"

मला वाटलं, आता इकतर्फा फैसला निघणार. पण ते हळूच म्हणाले, "टपाल बंद होतं हो."

"कादंबरीत? दत्तोपंत, शरयू पुण्यात राहते! तिथं कुठलं आलंय टपाल बंद?"

ते हातातल्या रबराकडं बघत राहिले.

"विमल नागपूरला नाही," ते म्हणाले. "सरहद्दीपल्याडच्या कँपात गेली, संस्थानाविरुद्धच्या लढ्यात. वर्ष झालं. सांगून गेली नाही. बापाची सरकारी नोकरी जाईल करून नसेल सांगितलं. आता टपाल सुरू झालंय. रोज बघतो."

मी टेबलावरची पेन्सिल खणात ढकलली.

"ती आली की राहिलेले अंक वाचायला आधी इथंच पळत येईल. तुम्हाला ठाऊक आहे की ती. आणि समासात हे असलं वाचलं तर? तिला वाटेल, सगळे आपल्यालाच म्हणतात."

रबर टेबलावर ठेवून ते निघून गेले. खोडायलाही थांबले नाहीत.

मग मीच खोडायला बसलो. पण इतकं दाबून लिहिलं होतं, की किती घासलं तरी अक्षर न् अक्षर कागदावर उमटलेलं दिसत होतं. शेवटी दौत पुढं ओढली आणि माझ्याच पाटीखाली बसून त्यावर शाईनं ठळक लिहिलं, "पोरी, तुझी काही चूक नाही. टपाल बंद होतं."